हातभर खोल

वाळलेल्या शेंगांचा वास मंद आणि गोडसर असतो. काकवी काढून घेतलेल्या मडक्याच्या तळाशी उरतो तसा, गोड खरा, पण त्यात धुळीचा एक कोरडा पदर मिसळलेला. अण्णांच्या मेजाचा खालचा खण उघडला की तो वास अजून येतो. शेंगा मी कधीच काढून जाळून टाकल्या. लाकडाने मात्र वास सोडलेला नाही. गिरणीचा दुपारचा भोंगा वाजून गेलेला असतो, सात रस्त्याच्या चौकाकडून एखाद्या टांग्याची खुळखुळ ऐकू येत असते, खिडकीतून आलेले ऊन फरशीवर हळूहळू सरकत असते, आणि मी काहीतरी शोधण्याचे निमित्त करून तो खण उघडतो. शोधायचे काही नसते. वास आला की खण पुन्हा लावून टाकतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर त्यांनी सोलापुरात कारकुनी केली; दिवसभर मोडीत कागद लिहिले आणि रविवारी मोहोळची गाडी धरून आमच्या चार एकर माळावर जाऊन बसले. आई मी लहान असतानाच गेली होती. मी वाचनालयात पुस्तकांच्या याद्या करण्याच्या कामाला लागलो, त्यामुळे घरात आम्ही दोघे, आणि दोघेही कमी बोलणारे. संध्याकाळी एका कंदिलाच्या दोन बाजूंना दोघे वाचत बसत असू. कुणी पान उलटले की दुसऱ्याला कळे, तेवढेच आमचे संभाषण.

तो माळ म्हणजे मुरूम होता. पावसाळ्यात चार दिवस हिरवा दिसे, मग कुसळी गवत पिवळे पडे आणि कार्तिकापासून वारा त्याच्यावरून नुसता शिट्या वाजवीत जाई. अण्णांचे एक स्नेही सिंधकडून बदलून आले होते. त्यांनी कागदाच्या पुडीत त्यांना विलायती बाभळीचे बी दिले. पाऊस न पाहिलेल्या वाळूतही हे झाड उभे राहते, असे त्यांनी सांगितले असावे. अण्णांनी बी उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवले, कारण त्याचे कवच इतके कठीण की एरवी पाणी आत शिरतच नाही. आणि मुरमात पहारीने भोके पाडून ते पेरले. उन्हाळ्याने बहुतेक रोपे खाल्ली. एक उरले. त्या एकाला अण्णा दर रविवारी ओढ्यावरून घागरीने पाणी आणून घालीत. माळाच्या उतारावर खाली दाजीबाचे काळे रान आहे, तो औत थांबवून त्यांच्याकडे बघे आणि आपल्या बायकोला, सोनाबाईला, म्हणे, "कारकुनाला येड लागलंय. दगडाला पानी घालतोय." पुढे झाडालाच सगळा गाव येडी बाभळ म्हणू लागला. अण्णांना ते नाव आवडे. शहाण्या झाडांनी हा माळ केव्हाच सोडला आहे, असे ते एकदा म्हणाले होते.

मग दुष्काळाचे ते वर्ष आले. ओढा आटला, लिंबाने पाने टाकली, देशी बाभळींचे पाले धनगरांनी ओरबाडून नेले आणि त्या काळ्या, उघड्या, हाडांसारख्या दिसू लागल्या. त्या सगळ्या राखाडी विस्तारात एकच झाड हिरवे होते. वैशाखात त्याच्या फांद्या पिवळ्या शेंगांनी लवल्या होत्या. त्याचा कडू पाला कुणी जनावर खाईना, पण शेंग गोड. बिरा धनगराची मेंढरे त्या एका झाडाखाली पंधरा-वीस दिवस जगली. कळप वाचला म्हणून बिरा सोलापूरपर्यंत चालत आला आणि आमच्या उंबऱ्यावर त्याने अण्णांच्या पायांवर डोके ठेवले. अण्णा फार संकोचले; पण त्या दिवशी कंदिलासमोर त्यांनी पुस्तक उघडले ते उघडेच राहिले, पान काही उलटले नाही. त्यांच्या साऱ्या आयुष्यात कुणी त्यांच्यामुळे जगले, असे त्यांना प्रथमच वाटले असेल.

त्यानंतर काही वर्षांनी, मार्गशीर्षात ते गेले. दोन दिवसांचा ताप, आणि मग कंदिलाच्या पलीकडच्या बाजूचे पान उलटणे थांबले.

दुःखाचे काय करायचे हे मला कुणी शिकवले नव्हते. मी त्यांचे झाड सांभाळू लागलो. दर रविवारी मोहोळला जाई, त्याच्याच छाटलेल्या काटेरी फांद्यांचे कुंपण त्याच्याभोवती घाली, आणि वैशाखात शेंगा पिकल्या तेव्हा मला वाटले की अण्णांच्या मासिक श्राद्धाला याहून योग्य दान दुसरे नाही. मी शेंगांच्या पाट्या भरभरून बिराच्या मेंढरांना घातल्या. अण्णांच्या नावाने घातल्या. मेंढरांच्या तोंडातून येणारा तो कुरकुर आवाज ऐकत मी सावलीत बसलो होतो आणि कित्येक महिन्यांत प्रथमच माझे मन शांत झाले होते. काही शेंगा मी खिशात घालून आणल्या आणि अण्णांच्या मेजाच्या खणात ठेवल्या.

आमच्याकडे पेरणीआधी काळ्या रानात मेंढरे बसवतात. धनगराचा कळप दोन-चार दिवस रानात मुक्काम करतो, लेंडीखत आपोआप पडते, आणि पुढच्या शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, त्याची तेजी दिसते. दाजीबानेही त्या ज्येष्ठात बिराची मेंढरे आपल्या रानात बसवली. कुणीही शहाण्या माणसाने हेच केले असते.

वर्षश्राद्ध झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात दाजीबा आणि सोनाबाई सोलापुरात माझ्या दारात उभे राहिले. सोनाबाईच्या हातात हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्यांची पेंढी होती. दाजीबा एका पायाने किंचित लंगडत होता. मी त्यांना पाणी दिले. दोघे बराच वेळ भिंतीवरच्या अण्णांच्या तसबिरीकडे पाहत बसले आणि इकडचे तिकडचे बोलत राहिले, शेवटी सोनाबाईच म्हणाली, "आवो, सांगा की. का हितं तसबीर बगायला आलाव?"

"तूच सांग."

"मी सांगते तर मग तुमी कशाला आला, डहाळं उचलायला? ती तर मीच आनली." आणि माझ्याकडे वळून, पदर सावरून, तिने सांगितले. "मास्तर, ते झाड काढाय पायजे. आमचं रान चाललं."

मी मास्तर नाही. पण पुस्तकाशी ज्याचा संबंध तो मास्तर, असा तिकडचा हिशेब आहे. मला प्रथम तिचे म्हणणे कळलेच नाही. मग दाजीबा हळूहळू बोलू लागला. दुष्काळानंतर त्याच्या रानाच्या वरच्या कोपऱ्यात दोन-चार रोपे आली होती. त्याने विळ्याने जमिनीलगत कापली. पुढच्या वर्षी एकेका बुंध्यातून दहा-दहा फोक आले. पुन्हा कापले, पुन्हा आले, जास्त आले. कुळव अडू लागला, त्याची लोखंडी पास मोडली. मग तो कोपरा त्याने सोडून दिला. काटा बैलाच्या खुरात गेला, मग त्याच्या स्वतःच्या पायात, आणि त्याची गाठ अजून उतरलेली नव्हती. आणि या साली, मेंढरे बसवल्यावर, कोपराच नव्हे तर सगळ्या रानभर, जिथे जिथे लेंडी पडली तिथे तिथे, मेथीच्या वाफ्यासारखी दाट रोपे उगवली. कुळवाने बरीच गेली. राहिलेली शाळवाच्या ताटांत उभी होती.

"इतकी वर्षं तुम्ही अण्णांना का सांगितलं नाहीत?" मी विचारले.

दाजीबाने मान खाली घातली. "कसं सांगायचं? लेकावानी जपलं त्येनी. माज्या बापाचा जमिनीचा अर्ज त्येनीच लिवला हुता. त्या मानसाला म्हनायचं, तुमचं लेकरू वंगाळ निघालं?"

"आन् गेल्या साली ते गेले," सोनाबाई म्हणाली. "म्हनलं वरीस सरू दे. सुतकातल्या मानसाला असलं कसं इचारायचं. वरीस सरलं तसं आलो."

त्यांनी भिडेपोटी वर्षे घालवली आणि वर, माझ्या दुःखाचा मान राखायचा म्हणून, आणखी एक वर्ष. आणि त्याच वर्षात मी पुण्य म्हणून पाट्या भरभरून ते झाड त्यांच्या रानात पेरले होते. मी हे त्यांना तेव्हाच सांगितले. सोनाबाईने एवढेच म्हटले, "तुमाला काय ठावं," आणि हरभऱ्याची पेंढी माझ्यापुढे सरकवली. तिने दोष दिला असता तर बरे वाटले असते. वैशाखात पुन्हा शेंगा पिकतील. त्या पडल्या की कुणाची ना कुणाची मेंढरे त्या खातील आणि आणखी कुणाच्या रानात बसतील. झाड माझ्या मालकीच्या माळावर होते. माझ्या होकाराशिवाय त्याला कुणी हात लावणार नव्हते, आणि होकार देताना मला वाटत होते की अण्णा दुसऱ्यांदा जातील.

होकार मी लगेच दिला नाही. 'कळवतो' म्हणालो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

ती दोघे गेल्यावर मी खण उघडला. शेंगांच्या खाली अण्णांची एक काळ्या कापडी पुठ्ठ्याची वही होती. ती मला ठाऊक होती. पण ती मोडीत होती, आणि आमच्या पिढीला मोडी लागते ती अडखळत. वर्षभरात मी तिची सुरुवातीची काही पानेच वाचली होती: पाऊस किती झाला, झाडाची उंची किती, पहिला फुलोरा केव्हा. आता मी शेवटापासून वाचू लागलो. एकेका ओळीला बराच वेळ लागत होता.

मधल्या पानांत त्यांनी त्या झाडाचा स्वभाव टिपून ठेवला होता, एखाद्या मुलाचा ठेवावा तसा. ते वर्षातून दोनदा फुलते. पानांचे आकारमान इतके बारीक की उन्हाला घेण्यासारखे काही सापडत नाही. मूळ आधी खाली जाते, खोड नंतर वर येते. बोटभर रोपाला हातभर मूळ. त्याच्या सावलीत गवत जगत नाही. त्याच्या मूळ देशात त्याचे बी पोखरणारा एक किडा आहे, असे कळते. येथे तो आलेला नाही. या शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली होती. मी त्या रेघेपाशी पुष्कळ वेळ थांबलो. आपली देशी बाभूळ या मातीत हजारो वर्षे उभी आहे, म्हणून तिला सगळे ओळखतात. तिची साल कुणाला हवी, पाला कुणाला, डिंक कुणाला. तिचे बी कोणत्या अळीने केव्हा खायचे हेही ठरून गेलेले आहे. ती वाढते, पण इतक्या जणांना देऊन उरेल तेवढीच वाढते. परक्या मातीत आलेल्याला मात्र ओळखणारे कुणी नसते. हेच त्याचे एकाकीपण आणि हेच त्याचे बळ. त्याच्याकडे घेणेकरी कुणी फिरकत नाही. त्याला अडवील असा जुना शत्रू मागे, समुद्रापलीकडे राहून गेलेला असतो. झाडाचा यात दोष कुठला? जे त्याला जमते ते ते करते. मुरमावर ज्या चिकाटीचे अण्णांना कौतुक वाटले तीच चिकाटी उतारावरून खाली काळ्या रानात गेली, इतकेच.

आणि मग शेवटचे पान. त्यांच्या अखेरच्या पावसाळ्यातले. आमच्या माळाच्या कडेला उगवलेल्या लहान झाडांविषयीच्या तीन ओळी होत्या. गुडघ्याइतके ठेवून कापले: नऊ फोक आले. जमिनीलगत कापले: चौदा आले. हातभर खोल खणून, मुळावरच्या गाठीखाली कापले: आलेले नाही.

पुढची पाने कोरी होती.

कशासाठी त्यांनी हे करून पाहिले ते त्यांनी लिहिलेले नाही. कदाचित नुसती जिज्ञासा असेल. त्यांना ती होती. पण माळाच्या ज्या कडेला ही झाडे कापली त्या कडेवरून दाजीबाचे रान सरळ दिसते. तो सोडलेला कोपरा दिसतो. न बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे न बोलणे ऐकू येते, असे मला आपले वाटते. फाल्गुनात येतो, कुदळी धार लावून ठेवा, असे पत्र मी दुसऱ्याच दिवशी दाजीबाला टाकले. ते त्याला शाळामास्तराकडून वाचून घ्यावे लागणार होते, म्हणजे सगळ्या गावाला कळणार होते. तेही बरेच होते; मला मागे फिरता आले नसते.

फाल्गुनात आम्ही माळावर गेलो त्या सकाळी झाड फुलले होते. पिवळसर, लोंबत्या तुऱ्यांभोवती मधमाश्यांचा एकसुरी गुंजारव चालला होता आणि ऊन अजून कोवळे होते. दाजीबाने आधी कुंपण ओढून काढले, मी घातलेले. मग कुऱ्हाडीने फांद्या उतरवल्या. खोड पडायला दुपार झाली. कापलेल्या जागी आतले लाकूड गर्द तांबडे निघाले. त्याचा वास अगदी खणातल्यासारखा होता. बिराही येऊन उभा राहिला होता, काठीवर हनुवटी टेकून. खोड पडले तेव्हा त्याने डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले आणि पुन्हा बांधले.

"झालं," दाजीबा म्हणाला. "बुंध्यावर जाळ करू. मरंल."

"नाही मरणार," मी म्हणालो. "खाली जायचं. हातभर."

"ह्यो मुरूम हाय, मास्तर. हातभर म्हंजे तीन दिस."

"मग तीन दिवस."

मी कुदळ घेतली. पहिला घाव मुरमावरून घसरला आणि ठिणगी उडाली. सोनाबाई पदर तोंडाला लावून हसली. "आवो, पुस्तकाचं पान हाय व्हय ते, हळूच उलटायला? कमरंतनं वाका की!" मी कमरेतून वाकलो. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, सोनाबाईने हळद आणि तेल लावून चिंधी बांधली आणि म्हणाली, "आता आलं हाताला ध्यान." दोन दिवसांची रजा मी वाचनालयातून मागून घेतली होती, तिसऱ्यासाठी निरोप पाठवला. बुंध्याभोवती खड्डा हळूहळू वाढत होता. दाजीबा पहारीने मुरूम उचकटी, मी फावड्याने बाहेर काढी. आजूबाजूची मुळे मनगटाएवढी होती. ती तोडली तरी मधले मूळ हलत नव्हते. ते सरळ खाली जात होते, कुठे जात होते ते दिसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, ती गाठ दिसली. जमिनीच्या पोटात, खोड संपते आणि मूळ सुरू होते तिथे एक सुजल्यासारखा फुगवटा होता, आणि त्याच्यावर गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस डोळे मिटलेले होते. किती होते ते मी मोजले नाही. वरचे झाड पडून तीन दिवस झाले होते आणि इथे अंधारात यांची तयारी चालली होती. जमिनीवर आपण कितीही कापले तरी हे डोळे उघडणार. एकाच्या जागी चौदा. ते पाहिले आणि मला माझे गेलेले वर्ष आठवले: वरवर आवरलेले, आणि दर रविवारी नव्या फोकांनी फुटून आलेले. मी दाजीबाच्या हातून कुऱ्हाड मागून घेतली. त्याने एकवार माझ्या चिंध्या बांधलेल्या हातांकडे पाहिले आणि दिली. गाठीच्या खाली घाव घालायला मला बराच वेळ लागला. कुणी मदतीला आले नाही. शेवटचा धागा तुटला तेव्हा तो बुंधा एवढासा कलला. दाजीबा म्हणाला, "सुटलं."

लोक गेलेल्या माणसाच्या नावाने झाड लावतात. मी काढले. तीन दिवस खणून काढले, आणि त्या खड्ड्यात उभा असताना अण्णा मला जितके जवळ वाटले तितके त्यांच्या सावलीत बसून कधी वाटले नव्हते.

खड्डा दाजीबाने ओढ्याकाठच्या मातीने भरून दिला. तिथे लिंब लावू या, असे तो म्हणाला. सोनाबाईला देशी बाभूळ हवी आहे, औताच्या लाकडाला बरी म्हणून. त्यावरून त्या दोघांचे अजून ठरलेले नाही, आणि मीही घाई केलेली नाही. काम संपलेलेही नाही. त्या झाडाचे बी मातीत किती वर्षे वाट पाहते ते अण्णांनाही माहीत नव्हते. पावसानंतर मी जातो. काळ्या रानात सोनाबाई पुढे आणि मी मागे, ओळीने वाकून चालतो. ओल्या मातीतून बोटभर रोप हळूच धरून उपटायचे. घाई केली की मूळ तुटते आणि मग खुरप्याने खाली जावे लागते. "आज किती घावली?" म्हणून ती विचारते आणि माझी कमी निघाली की म्हणते, "चष्मा पुसा, मास्तर." सोडलेल्या कोपऱ्यातले जुने बुंधे आम्ही एकेक करून काढतो आहोत. अर्धा कोपरा झाला. तिथे या साली शाळू उभा आहे, थोडा विरळ, पण उभा आहे.

परवा रानातून परत आल्यावर मी अण्णांची काळी वही उघडली. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली बरीच जागा आहे. मला मोडी वाचता येते, लिहिता नीट येत नाही. तरी सराव करून, त्यांचे वळण पाहून, एक ओळ लिहिली. मोठे झाड, हातभर खोल, गाठीखाली कापले: आजपर्यंत आलेले नाही.

शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. पुढच्या पावसाळ्यासाठी खाली जागा आहे.